ट्रायल रूमची कडी

आज नववा दिवस, माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही. जेवायला बसतो, ताटाकडं बघतो आणि मीठ हवं असलं तर बायकोला सांगतो, त्यांना म्हणावं मीठ द्या. त्यांना म्हणजे मला. मीठ माझ्या कोपरापाशी, तो माझ्यापासून दीड हातावर, आणि निरोप सून घेऊन येते. चाळिशी उलटलेला बाप्या, हाताखाली माणूस, गल्लीत सगळे मास्टर म्हणून हाक मारतात, आणि रुसलाय कशावर, तर मॅच हरलो म्हणून. हरलो कुणामुळं? मैदानात अकरा जण होते, त्यांच्यामुळं नाही. माझ्यामुळं. मी दारातून बाहेर आले म्हणून.

हे दार कुठलं ते आधी सांगते.

आमचं दुकान शिंप्याचं. खाली दुकान, वर घर, मधे अकरा पायऱ्या. माझ्या गुडघ्यांना विचारा, एकेक ओळखतात. दुकान माझ्या नवऱ्यानं उभं केलं. त्यांना लोक थोरले मास्टर म्हणायचे. कापायचं काम त्यांचं, काज-बटणाचं माझं. मी चौथीतून उठले ती सुईलाच लागले, पण माझ्या हातच्या काजात बटण कसं जातं ते येऊन बघावं. आता कापायला मुलगा आणि मशीनवर काजं करायला एक माणूस, त्याला आम्ही काजवालाच म्हणतो. त्याचं तोंड चालतं तेवढं मशीन चाललं असतं तर वर आणखी दोन मजले चढले असते.

दुकानाच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली ट्रायल रूम आहे. नाव मोठं, आत तीन फूट लांब, तीन फूट रुंद. एका बाजूला आरसा, एक खुंटी, वर दिवा. दार आत उघडतं आणि खाली चार बोटं फट आहे. पूर्वी तिथं कापडाची थानं ठेवायचो, म्हणून कडी बाहेरून. आतून काहीच नाही. गिऱ्हाईक आत गेलं की दारावर टेप लटकवायची, म्हणजे कुणी ढकलत नाही. थोरले मास्टर बारा वर्षं म्हणत राहिले, आतून एक कडी बसवतो. बसवतो बसवतो म्हणत स्वतःच गेले.

दोन वर्षांपूर्वी आपली शेजारच्या देशाशी मॅच होती. जगात दुसऱ्या कुणाशी हरलो तर माझा मुलगा म्हणतो, खेळ आहे, चालायचंच. शेजारच्यांशी असली की मात्र त्याच्या अंगात येतं. तोंडं आपल्यासारखीच, बोलणं आपल्यासारखंच, शिव्यासुद्धा आपल्याच. भाऊबंदकी लांबच्यांशी होत नाही, ती भिंतीला भिंत लागते त्यांच्याशीच होते. त्या दिवशी दुकानात कात्री चालत नाही, कारण पूर्वी एकदा चालली आणि आपला मोठा खेळाडू बाद झाला. इस्त्री डाव्या हाताला ठेवायची. त्यांच्या कपड्यांच्या रंगाचं थान सगळ्या थानांच्या खाली दाबायचं. आणि मास्टर स्वतः तोच एक शर्ट घालतो, बिनधुतलेला. गिऱ्हाइकाला नाकानंच कळतं आज मॅच आहे.

तर त्या दिवशी टीव्ही कापायच्या टेबलावर आणून ठेवला होता आणि दुकानात अर्धी गल्ली जमली होती. मला हात हलवायला जागा नव्हती, म्हणून मी आठ शर्ट घेऊन ट्रायल रूममध्ये बसले. कुणीतरी थानं सरकवता सरकवता जुन्या सवयीनं कडी लावली. मी ओरडले, दार वाजवलं. कुणाला ऐकू जाईल? बाहेर त्यांच्या विकेटी पडत होत्या, वीस मिनिटांत सहा. जिंकल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की आई कुठंय. दार उघडलं तेव्हा मी घामानं भिजलेली, घसा बसलेला. मला वाटलं, आता पोरगा चुकलो म्हणेल. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, आणि काजवाला मागून म्हणाला, "मास्टर, आई आत गेल्या आणि विकेटी सुरू झाल्या."

झालं. पुढच्या मॅचला मला विचारून आत बसवलं. जिंकलो. त्याच्या पुढच्याही. तेव्हा विचारलंसुद्धा नाही.

आता खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. कापडवाल्यानं माझ्या खुर्चीसाठी गादी पाठवली. बँकेतले साहेब पँटचं माप द्यायला आले आणि मलाच हात जोडून गेले. बायका नळावर म्हणायच्या, तुमच्यामुळं जिंकलो हो. हरभऱ्याच्या झाडावर माणूस चढतं ते असं, एकेका फांदीनं, आणि चढताना कुणी खाली बघत नाही. मीही सांगत सुटले, मी आत बसले म्हणून गल्लीत आनंद आहे. मुलगा माझ्याशी दिवसभरात जेवढं कधी बोलला नव्हता तेवढं मॅचच्या आदल्या दिवशी बोलायचा. आई, पाणी कमी पी उद्या. आई, जेवण लवकर उरक. आतून बाहेर यायचं नाही म्हणजे कशालाही यायचं नाही ना.

पण आत काय असतं ते मीच जाणे. हात पसरले तर दोन्हीकडं फळ्या. समोर आरसा, आणि आरशात एक म्हातारी, तिच्याकडं तीन-साडेतीन तास बघायचं. वारा यायचा तो खालच्या फटीतून, तो माणसांच्या पायांचा वास घेऊन. टीव्ही दिसत नाही. मला दिसायचे फक्त पाय. पायांवरूनच मी मॅच ओळखायला शिकले. मास्टरचा अंगठा चपलेत वर उचलला म्हणजे चेंडू पडायचाय. काजवाल्याच्या टाचा उडाल्या म्हणजे विकेट. सगळे पाय गोठले म्हणजे त्यांच्यातल्या कुणीतरी चौका मारला. मी ज्या मॅच जिंकून दिल्या त्यातला एक चेंडूही मी पाहिलेला नाही.

हे सगळं एकाच माणसाला पटत नव्हतं, ते म्हणजे वन्सं. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. स्वतःचा नवरा गेल्यापासून समोरच्याच घरात एकट्या राहतात; त्यांची खिडकी आणि आमचं दुकान समोरासमोर. चाळीस वर्षांत आमचं एक वाक्य सरळ गेलेलं नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवरून, नळावरून, माझ्या नवऱ्यावर जास्त हक्क कुणाचा त्यावरून. मी बोलायचं, त्यांनी त्यावर टाका घालायचा, मी तो उसवायचा. मागच्या मॅचनंतर गल्लीत सगळ्यांसमोर त्या मला म्हणाल्या, "वहिनी, तू आत बसून जिंकतात तर ते अकरा जण उन्हात कशाला पळतात?" लोक हसले. मी तिथून उठले ती सात महिने त्यांच्या घरात पाऊल टाकलं नाही.

त्या सात महिन्यांत वन्संचे डोळे गेले. उजवा आधीच कामातून गेलेला, आता डावाही जायला लागला. मुलगी दुसऱ्या शहरात असते, तिनं तिथल्या इस्पितळात धडपड करून ऑपरेशनची तारीख मिळवली. ही तारीख चुकली तर पुढची तीन महिन्यांनी, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डावा डोळा तीन महिने थांबायचा नाही. ऑपरेशन सकाळी आठला. म्हणजे आदल्या दिवशी साडेचारची गाडी पकडायलाच हवी. दिवसात ती एकच गाडी. आणि ऑपरेशननंतर त्या मुलीकडंच राहणार, परत येणार नाहीत. हे मला सुनेनं सांगितलं. आणि तिनंच सांगितलं की डॉक्टरांनी डोक्यातून घालायचे कपडे बंद सांगितलेत, पुढून बटणांचा सदरा पाहिजे.

सदरा म्हटल्यावर मी उठले. बोलणं नसलं म्हणून काय झालं, घरातली बाई इस्पितळात विकतचा सदरा घालून जाणार? पण माप घ्यायला समोर जायचं म्हणजे मान खाली घालायची. मी गेले नाही. मापाची जुनी वही काढली, वन्संचं आठ वर्षांपूर्वीचं माप काढलं आणि त्यावर बेतला. मला माप घ्यावं लागत नाही, मी डोळ्यांनी मापते, असं सुनेला ऐकवलंही. सून काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा समजावं की चुकतंय, पण ते मला नेहमी नंतर समजतं.

वन्संचा जायचा दिवस आणि मॅचचा दिवस एकच निघाला. मी आदल्या दिवशीच मुलाला सांगितलं, चार वाजता मला दार उघडून दे, वन्संना सुनेकडून निरोप धाडलाय, त्या सदरा घालून बघायला येतील, मी त्यांना गाडीपर्यंत सोडीन. तो म्हणाला, "आई, चारला उघडतो. आत्याच्या गळ्याची शपथ." आता शपथ घ्यायला सापडला तो गळा त्यांचाच.

आपले आधी खेळले. जेवणं झाली आणि त्यांचा डाव सुरू व्हायच्या आत, पावणेदोनला, मी सदरा, सुईदोरा आणि टाचण्यांचा डबा घेऊन आत बसले. बाहेरून कडी पडली. तो आवाज आता माझ्या ओळखीचा झालाय. दोन काजं राहिली होती, ती करायला अर्धा तास पुरला. मग मांडीवर सदरा आणि समोर आरसा.

तीन वाजले तेव्हा पाय गोठलेलेच होते. तीनच बाद, आणि धावा पळताहेत. साडेतीनला मी दारावर टकटक केली, म्हटलं चार वाजत आले की सांग. मुलगा म्हणाला, आई बोलू नकोस, तू बोललीस की चौका जातो. चार वाजले. मी पुन्हा वाजवलं. यावेळी उत्तर काजवाल्यानं दिलं की फक्त ही जोडी फुटू दे. मी म्हटलं, शपथ घेतली होतीस ना रे? मास्टरचा अंगठा चपलेत वर उचललेला, तो तसाच राहिला. माझा मुलगा माझ्यापासून एका फळीवर उभा होता आणि मी त्याच्या नखाशी बोलत होते.

तेवढ्यात फटीतून दोन पाय आले. नव्या चपला, पण पाय ओळखीचे आणि नाहीतही. घोट्याची हाडं नुसती वर आलेली, चपलेचा पट्टा पायाभोवती सैल. मी माझ्या मांडीवरच्या सदऱ्याकडं बघितलं. बघितल्याबरोबर कळलं की हा त्यांच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसणार.

वन्सं म्हणाल्या, मास्टर, दार उघड, मला सदरा घालून बघायचाय. तो म्हणाला, आत्या, दोन मिनिटं. त्या म्हणाल्या, माझ्याकडं वीसच आहेत. मग कडीवर हात पडल्याचा आवाज आला आणि दुकानातले सगळे पाय एकदम वळले. मुलगा ओरडला, "आत्या, आईला बाहेर काढू नकोस."

वन्सं म्हणाल्या, "काढत नाही रे. मीच आत जाते. ट्रायल रूम आहे ना ही, का कोंबड्यांचं खुराडं?"

मी खुर्ची उचलून छातीशी धरली तेव्हा कुठं दार आत आलं. वन्सं चाचपत आत शिरल्या आणि दार लोटलं. बाहेरून कुणीतरी लगेच कडी घातली. तीन बाय तीनमध्ये दोन म्हाताऱ्या, एक खुर्ची आणि सात महिन्यांचा अबोला. खुर्चीला जागा नव्हती, म्हणून ती आम्ही उलटी करून आरशापाशी उभी केली.

सदरा घातला. दोन्ही बाजूंनी माझी मूठ आत गेली. सदरा छातीला चार इंच जास्त, खांद्याला दीड. मी टाचण्या तोंडात धरल्या आणि एकेक लावायला लागले. पाठीची हाडं बोटांना लागत होती. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

"ताटात काय आहे ते दिसलं नाही की माणूस कमी खातं, वहिनी. आणि समोरून विचारायला कुणी आलं नाही."

तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. नाहीतर मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

मी डाव्या बाजूला टाचणी लावली आणि बाहेर काजवाल्याच्या टाचा उडाल्या. उजवीकडं लावतेय तोवर पुन्हा उडाल्या. मग तिसऱ्यांदा. पाच मिनिटांत तीन विकेट. दुकानाच्या फळ्या हादरल्या, वरचा दिवा हलायला लागला. मी म्हटलं, झालं वन्सं, एवढ्या टाचण्या घेऊन जा, मुलीकडं कुणाकडूनही शिवून घ्या. आणि दार वाजवलं.

दार उघडलं नाही.

मुलगा दाराशी येऊन हळू आवाजात, लहान मुलाला समजावतात तसा बोलला, की आत्या, आता हलू नकोस, तू आत गेलीस आणि तीन गेल्या, फक्त चार उरल्यात. काजवाला मागून म्हणाला, दोघी मिळून जास्त चालतंय. वन्सं म्हणाल्या, अरे माझी गाडी आहे, माझा डोळा आहे. तो म्हणाला, दहा मिनिटं, आत्या, मी स्वतः पोचवतो. घोडं कुठं पेंड खात होतं ते मला तेव्हा दिसलं. तो आता घड्याळ बघतच नव्हता. त्याला जे हवं होतं ते या दाराच्या आत होतं, आणि आत कोण आहे, त्याला काय लागतं, याचा त्याच्या डोक्यात मागमूस नव्हता.

रिक्षात वन्संचा जावई सामान घेऊन बसला होता. त्याचे काळे बूट आले. मला धीर आला. बूट दाराकडं वळलेले, त्यानं विचारलं, सासूबाई, निघायचं ना? मुलानं त्याला काहीतरी सांगितलं, मग कुणीतरी स्टूल सरकवलं, आणि मी बघत असताना ते बूट हळूहळू टीव्हीकडं वळले. वळले ते वळलेच. वन्संना दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, जावई आले ना? मी म्हटलं, आले. आणि गेलेसुद्धा.

आता आत वारा उरला नव्हता. वन्संनी एक हात फळीला टेकला होता. मला त्या सगळ्या मॅच आठवल्या, गादी आठवली, हात जोडणारे साहेब आठवले. मी स्वतःच्या पायांनी इथं येऊन बसत होते. कडी त्याची, पण बसण्याची सवय मी लावली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. माझ्यापुरतं असतं तर बसलेही असते अजून तासभर. पण डोळा दुसऱ्याचा होता.

दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला, उघड्या. दोन बिजागऱ्या, तीन-तीन स्क्रू. मी फटीतून पाहिलं. सुनेचे पाय जिन्याशी होते, मागंपुढं करत होते. मी मोठ्यानं म्हटलं, अगं, हात रिकामे आहेत, मशीनचा पेचकस दे, वन्संच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. वन्सं चष्मा लावतच नाहीत. सुनेला ते माहीत होतं. थोड्या वेळानं तिचा पाय सरकत सरकत आला आणि पेचकस फटीतून आत ढकलून परत गेला. नवऱ्यासमोर एक शब्द न बोलता तिनं जे काम केलं ते मी पंधरा वर्षं बोलून केलं नव्हतं.

खालचे तीन स्क्रू मी काढले, गुडघे टेकून, ओरडणाऱ्या गुडघ्यांना गप्प करून. वरचे दोन काढले. तिसरा हलेना. पेचकस खाचेतून निसटत होता. वन्संनी माझ्या हातातून तो काढून घेतला. म्हणाल्या, तुझं कामच नव्हे ते, स्क्रू काढायला डोळे लागत नाहीत. बोटानं खाच चाचपली, पेचकस बसवला आणि दात खाऊन फिरवला. स्क्रू करकरला आणि निघाला. ओढाताणीत सदऱ्याचं एक बटण तुटून फळ्यांच्या खाली गेलं.

आम्ही दोघींनी खांदा लावला. दार बिजागरीच्या बाजूनं बाहेर झुकलं आणि कडीला लोंबकळत आवाज करत आडवं झालं. दुकानातली सगळी तोंडं आमच्याकडं वळली. आणि त्याच क्षणाला टीव्हीतला माणूस ओरडला, कारण त्यांच्या पोरानं चेंडू मैदानाबाहेर मारला होता. मुलाचा चेहरा मी पाहिला. मी जळत्या घरातून बाहेर आले असते तरी त्यानं माझ्याकडं असं बघितलं नसतं. मी त्याच्याकडं न बघता वन्संचा हात धरला, जावयाच्या खांद्यावर पेचकस टेकवला आणि रिक्षाकडं चालू लागले.

चार पंचवीस झाले होते. स्टँडला पोचलो तेव्हा पावणेपाच. वन्सं वाटभर माझी बाही मुठीत धरून होत्या. आणि बघते तर गाडी उभी. आत माणसं बसलेली, चालकाची जागा रिकामी. चालक चहाच्या दुकानात टीव्हीसमोर, एक हात खांबाला लावून, आणि दुकानवाला त्याला दम देतोय की हात काढलास तर बघ, तू हात लावल्यापासून चौका गेलेला नाही. मी पोट धरून हसले. मला वाटलं होतं मी एकटीच कोंडलेय. अख्खा स्टँड कोंडलेला होता, नुसत्या फळ्या नव्हत्या.

मग मी बाकावर बसून सदऱ्याच्या दोन्ही बाजू आत घेतल्या. सुई माझ्या बाहीला कायम टोचलेली असते. तुटलेल्या बटणाच्या जागी माझ्या बाहीचं बटण कापून लावलं. वन्सं शेजारी बसून म्हणत होत्या, टाका बारीक घाल, तुझा टाका लांब पडतो. मी म्हटलं, तुम्हाला दिसतंय वाटतं? त्या म्हणाल्या, ऐकू येतंय.

सव्वापाचला ते जिंकले, दोन विकेट राखून. चहावाल्यानं टीव्ही बंद केला. चालकानं खांबावरचा हात काढला, त्या हाताकडं जरा वेळ बघितलं आणि येऊन गाडी सुरू केली. वन्सं खिडकीत बसल्या. मला शोधत होत्या, पण भलतीकडं बघत होत्या, म्हणून मी त्या बघत होत्या तिथं जाऊन उभी राहिले. म्हणाल्या, "वहिनी, माझी खिडकी बंद करून जातेय. नवीन कुणी राहायला आलं तर लगेच भांडू नकोस. आधी जेवलात का विचार."

गाडी गेली. मी चालत घरी आले. तेव्हापासून माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही. काजवाला बोलतो, पण तो कुणाशीही बोलतो. नळावरच्या बायका बाजूला सरकतात. कापडवाल्यानं गादी परत मागवली, दिली. आणि समोरची खिडकी बंद. सकाळी उठून मी दोन दिवस भांडायला दुकानाच्या दाराशी आले आणि परत वळले. शेजारच्यांना हरवायची एवढी हौस असते, पण ते उद्या उठून कुठं निघून गेले तर माझा पोरगा कुणाशी खेळणार, हे त्याला विचारायला हवं.

काल वन्संचा फोन आला. पट्टी निघाली. हॅलो नाही, कशी आहेस नाही. म्हणाल्या, "वहिनी, सदऱ्याला पाच बटणं पांढरी आणि एक तपकिरी. डोळे तुझे गेलेत का माझे?" मी फोन सुनेच्या हातात दिला आणि आत जाऊन तोंड धुतलं.

आज मुलानं ते दार पुन्हा बसवायला घेतलं. मी खाली जाऊन मशीनपाशी बसले. तो स्क्रू पिळत होता, माझ्याकडं पाठ करून. मग नऊ दिवसांनी पहिलं वाक्य बोलला, दाराशीच बोलल्यासारखं: "दहा मिनिटं बसली असतीस तर जिंकलो असतो."

काजवाल्याचं मशीन थांबलं. सून जिन्यात होती, तीही थांबली. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि त्याला म्हटलं:

"मास्टर, इकडं तोंड कर. हात चांगला आहे तुझा, बापाला शोभेल असा. त्याला मी नाव ठेवत नाही. पण माणूस म्हणून तू अजून कच्च्या टाक्यात आहेस, ओढलं की उसवतोस. आत्याचा डोळा आत कोंडून तू बाहेर विकेटी मोजत होतास. आणि तुला ती खोड मी लावली, आत जाऊन जाऊन, ते माझं मी बघीन. पुढच्या मॅचला मी बाहेर बसणार, पहिल्या खुर्चीवर, टीव्हीच्या समोर. जिंकतील ते त्यांचं, हरतील तेही त्यांचंच. आता ती कडी काढ, आणि आतून बसव."